पाण्याचा हक्क आणि पाण्यातील औषध

सार्वजनिक विहिरी, तळी व स्नानघाट यांचा वापर करण्यास कोणाही नागरिकास जातीच्या कारणावरून मज्जाव करता येणार नाही, असे आपल्या संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने बजावले आहे. हा हक्क कोणत्या लढ्याचे फळ आहे, हे आपणांस सांगावयास नको. परंतु घाट मोकळा झाला आणि पाणी मात्र दूषित राहिले, तर त्या हक्काचे मोल काय? आज हा प्रश्न एका नव्या रूपाने आपणांपुढे उभा आहे.

बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा नदी पुढे तेलंगणात जाते. तेथे हैदराबादजवळ पाटणचेरू ही औषधनिर्मितीची मोठी औद्योगिक वसाहत आहे. सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी तेथील एका सामाईक शुद्धीकरण केंद्रात येई व प्रक्रियेनंतर ओढ्यावाटे मांजरेकडे वाहत जाई. स्वीडनमधील संशोधकांनी त्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची तपासणी केली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एका लिटरमध्ये 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक औषध आढळले. त्यांच्या हिशेबाने दररोज सुमारे 45 किलो औषध वाहून जात होते. 90 लक्ष वस्तीचा सारा स्वीडन देश ते पाच दिवसांत वापरीत असे!

औषध पाण्यात गेले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे: औषधाने दुबळे जंतू मरतात, त्यास दाद न देणारे जगतात व वाढतात. इतकेच नव्हे, तर आपला हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. मग तेच जंतू माणसाच्या शरीरात शिरले म्हणजे डॉक्टरांची गोळी निष्फळ ठरते. विषमज्वरावर एके काळी हेच औषध हमखास लागू पडे. आज आपल्या देशात त्यावर विसंबता येत नाही. याचा सारा दोष एका पाटणचेरूच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही; औषधांचा अविचारी वापरही तितकाच कारणीभूत आहे. परंतु 2019 या एका वर्षात औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लक्ष 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. धनिकास महागडे औषध विकत घेता येते. मजुराच्या मुलाने काय करावे?

पाटणचेरूच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे 1990 सालीच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. निर्मळ पाणी हा 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या न्यायालयाने 1991 साली एका निराळ्या खटल्यात मान्य केले. तत्त्व मान्य झाले. माप मात्र राहिले. कायदा जे मोजावयास सांगतो तेवढेच अधिकारी मोजतो, आणि जे मोजलेच नाही ते न्यायालयापुढे सिद्ध कसे करावे? केंद्र शासनाने जानेवारी 2020 मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. 2021 च्या अंतिम नियमांतून त्या वगळण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली अशा कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. तेव्हा मोजता येत नाही, ही सबब आता चालणार नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी: प्रत्येक प्रतिजैविकाची मर्यादा कायद्याने ठरवावी आणि तपासणीचे आकडे नदीकाठच्या लोकांस पाहावयास मिळावेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे बाधित व्यक्तीस व संघटनेसही दाद मागता येते. त्या मार्गाचा उपयोग करावा. घरीही नियम पाळावा. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत आणि उरलेल्या गोळ्या गटारात टाकू नयेत.

पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क आपण मिळविला. ते पाणी पिऊन जगण्याचा हक्क मिळविणे अद्याप बाकी आहे.