भाड्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशाची बाजू

माल्टा, मायोर्का किंवा क्रीट अशा एखाद्या बेटाच्या विमानतळावर उतरलेले कुटुंब भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर अडकते, ठरल्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजून बाहेर पडते आणि परत आल्यावर चार लोकांत ती हकीकत सांगते. ऐकणाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: अटी वाचल्या नाहीत, स्वस्ताच्या मोहात पडलात, भोगा. भाडेकंपन्यांचा बचावही याच सुरात असतो, ‘करारावर तुमचीच सही आहे.’ हा आरोप अन्यायाचा आहे. तो इतक्या सहजपणे केला जातो की मूळ व्यवहाराकडे कोणी पाहतच नाही.

तो व्यवहार असा चालतो. संकेतस्थळावर आठवड्याचे भाडे मोहक दिसते आणि पैसे आगाऊ भरले जातात. विमानतळावर मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कार्डावर हजार-दीड हजार युरो अडकवून ठेवले जातात, कारण मूळ विम्यात नुकसानीचा तेवढा पहिला वाटा ग्राहकाने सोसायचा असतो. टायर, काचा, छप्पर आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा त्या विम्यातून वगळलेलेच असतात. मग काउंटरवरचा माणूस पूर्ण विमा पुढे करतो, आणि तो कधी कधी गाडीच्या भाड्यापेक्षाही महाग पडतो. बुकिंग करतानाच मध्यस्थ संकेतस्थळाकडून ‘फुल प्रोटेक्शन’ विकत घेतलेला शहाणा ग्राहकही सुटत नाही. ते संरक्षण परतफेडीचे असते: नुकसानभरपाई आधी स्वतः भरायची, मग कागदपत्रे पाठवून मागायची. काउंटरला त्याच्याशी देणेघेणे नसते, अनामत भरावीच लागते.

भारतातून जाणाऱ्याच्या वाटेत आणखी दोन अडथळे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो आणि त्याची मर्यादाही ठरवायची असते. ही मर्यादा कमी राहिली, तर खात्रीचे कार्डही नेमके काउंटरवर नाकारले जाते. दुसरा अडथळा आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा. आपल्याकडे आरटीओ तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. या दोन बाबतींत सावध राहणे प्रवाशाच्या हातात आहे, हे मान्य.

पण ‘वाचले नाही’ हा आक्षेप याच्या पुढे टिकत नाही. वाचण्याला अर्थ कधी असतो? वाचून नाही म्हणता येते तेव्हा. रात्री अकराला विमान उतरलेले, मुले पेंगुळलेली, मागे रांग, पैसे आधीच भरलेले, हॉटेल बेटाच्या दुसऱ्या टोकाला. माल्टातली एकुलती एक रेल्वे १९३१ मध्येच बंद पडली. क्रीटमध्ये रेल्वे नाही. त्या क्षणी मिळालेल्या सहीला मोकळ्या मनाने दिलेली संमती कसे म्हणायचे? मुंबई-पुण्यात एक कंपनी नडली तर माणूस दुसरे वाहन बघतो. बेटावर उतरलेल्याला ती सोय फारशी नसते, आणि हे काउंटरपलीकडच्या माणसाला पक्के ठाऊक असते.

इंधनाची अट पाहिली की हेतू आणखी स्पष्ट होतो. काही कंपन्या भरलेल्या टाकीचे पैसे आपल्या दराने आधी घेतात आणि गाडी रिकामी परत करायला सांगतात. उरलेल्या पेट्रोलचा परतावा नाही. माल्टाचे मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे. चाळीस लिटरची टाकी असलेली छोटी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर धावली, तरी ती टाकी संपवायला बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस वेळा जावे लागेल. चार दिवसांच्या सुट्टीत हे कोण करणार? ही अट अक्षरन् अक्षर वाचली तरी पैसे जातातच.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. बेटावर धोके वेगळे असतात आणि गाड्या मोजक्या. आइसलँडमध्ये वारा गाडीचे उघडे दार उलटे फिरवून मोडतो, दक्षिणेकडच्या वाळूच्या मैदानांवरून उठलेली राखमिश्रित वादळे रंग खरवडून काढतात. म्हणून तिथे वाळू आणि राखेचा विमा वेगळा विकला जातो. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले, तर सहसा कोणताच विमा कामी येत नाही. गाड्यांच्या तुटवड्याचे उदाहरण हवाईचे. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा भाडेकंपन्यांनी हजारो गाड्या विकल्या, हर्ट्झने त्या मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२१ च्या वसंतात हवाईला पोचलेल्या पर्यटकांवर घरसामान हलवण्याचे ट्रक भाड्याने घेऊन फिरण्याची वेळ आली.

हे सगळे खरे आहे. यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष की गाडी महाग असू शकते. ती महाग आहे हे विमानातून उतरेपर्यंत लपवावे, असा निष्कर्ष यातून कुठेच निघत नाही. आइसलँडचा वारा बुकिंगच्या दिवशीही वाहतच होता. ज्या कंपनीला तो धोका ठाऊक आहे, तिने त्याची किंमत पहिल्या पानावर लिहावी. तसे केले तर तुलनेच्या यादीत ती खाली जाते, म्हणून ती लिहीत नाही. प्रामाणिक भाडे सांगणारा व्यावसायिक यादीत मागे पडतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा तोटा आहे आणि ‘ग्राहकच बेसावध’ म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही.

किंमत आधी दाखवणे अशक्य आहे, असेही नाही. युरोपीय आयोग आणि सदस्य देशांच्या ग्राहक यंत्रणांनी पाठपुरावा केल्यावर एव्हिस, एंटरप्राइज, युरोपकार, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांनी २०१९ पर्यंत आपल्या संकेतस्थळांवर किंमत मांडण्याची रीत बदलली: अटळ खर्च धरून एकूण रक्कम, इंधन, अंतर आणि अनामतीच्या अटी स्पष्ट. दोष ग्राहकाच्या वाचनात असता, तर कंपन्यांना मांडणी बदलायला लावावी लागली नसती.

भारतीय ग्राहकाच्या हातातही साधन आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम एकूण किंमत आणि तिचा तपशील दाखवायला सांगतात, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनाही ते लागू आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. पैसे भरून झालेली सेवा आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरू न देणे, हे त्यांतल्या एका प्रकारात स्पष्ट लिहिलेले आहे. काउंटरवर घडते ते याहून वेगळे नाही.

तेव्हा गाडी ताब्यात घेताना तिचे चारही बाजूंनी आणि टायर-काचांचे व्हिडिओ काढा, बुकिंगच्या पानाची प्रत जपा आणि काउंटरवर जास्तीची वसुली झाली तर गप्प बसू नका. बुकिंग भारतातून केले असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.