आद्याक्षरांच्या आड

दिल्लीहून यमुना ओलांडून पूर्वेकडे आले, की नोएडा लागते. हे नाव कोणा राजाचे नाही, देवतेचे नाही, की एखाद्या जुन्या गावाचेही नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी येथे एक प्राधिकरण स्थापन झाले. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ हे त्याचे इंग्रजी नाव. त्यातील पाच शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘नोएडा’ हा शब्द तयार झाला आणि कार्यालयाचे लघुरूप पुढे शहराचे नाव होऊन बसले. आज लाखो माणसे ते आपल्या पत्त्यात लिहितात. त्यातील प्रत्येक अक्षरामागचा शब्द विचारला, तर किती जणांना सांगता येईल, याची शंकाच आहे. त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

मग एखादे लघुरूप कळले नाही, की माणूस खजील का होतो? शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि संसाराचा भार वाहता वाहता पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला हा अनुभव वारंवार येतो. घरातला मुलगा मोबाइलवर चार अक्षरे लिहून हसतो; कारखान्यातले तरुण सोबती आपसांत एखादा नवा शब्द फेकतात; सूचनाफलकावर नुसती आद्याक्षरे असतात. विचारावे, तर ‘एवढेही ठाऊक नाही?’ ही नजर सोसावी लागते. म्हणून तो समजल्याचा बहाणा करतो आणि गप्प राहतो.

माझ्या मते हे न कळणे म्हणजे अज्ञान नव्हे. त्या मंडळीत आपण अजून बसलेलो नाही, एवढेच त्यावरून दिसते. गावाकडच्या शेतकऱ्याला ‘सातबारा’ समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नोंदींचे ते जोडनाव आहे. अक्षरओळख नसलेला म्हातारासुद्धा ते सहज उच्चारतो. उच्चशिक्षित शहरी तरुण मात्र तेथे अडखळतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरणारा भाव शेजारी उभ्या असलेल्या पदवीधराला कळत नाही. मुंबईच्या बोलीत ‘पेटी’ म्हणजे एक लाख आणि ‘खोका’ म्हणजे एक कोटी रुपये, हे कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. प्रत्येक गटाची अशी एक बोली असते. आपण एका गटात जाणते, तर दुसऱ्यात नवखे असतो.

‘हल्लीच्या मुलांनी भाषा मोडून टाकली,’ ही तक्रारही मला पटत नाही. ‘सा. न. वि. वि.’ लिहून पत्र सुरू करणारे आणि ‘ता. क.’ लिहून संपवणारे आपलेच आजोबा होते. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे सगळे लिहायला त्यांना कागद पुरत नव्हता, असे नाही. पण रोजचा मजकूर हात आपोआप आखडतो. लग्नपत्रिकेतील ‘चि. सौ. कां.’, कीर्तनकारांच्या नावामागचे ‘ह. भ. प.’, पाकिटावरचे ‘मु. पो.’ ही त्याच कुळातली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. २०१३च्या जुलैत देशातील तारसेवा बंद होईपर्यंत तारेची भाषा तुटकच राहिली. मोबाइलच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची चिन्हे मात्र ७०च. मग मराठी माणसानेही रोमन अक्षरे आणि लघुरूपे जवळ केली, यात नवल ते काय?

तथापि, बचत हा लघुरूपाचा एक हेतू झाला. कुंपण घालणे हा दुसरा. आपल्यातले कोण आणि बाहेरचे कोण, हे एका शब्दाने ओळखता येते, म्हणून गटाला तो शब्द प्रिय असतो. बाहेरचे लोक तो वापरू लागले, की आतले लोक नवा शब्द काढतात. त्यामुळे अशा शब्दांची यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. ती पाठ होईपर्यंत जुनी झालेली असते. शब्द कोणी, कोणाला, कोणत्या सुरात म्हटला, ऐकणारा हसला की चिडला, हे पाहावे. दोनतीन प्रसंगांत तोच शब्द आला, की अर्थाची कड हाती लागते.

मात्र केवळ तर्कावर विसंबून चालत नाही. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या काही संदेशांच्या शेवटी ‘एलओएल’ लिहीत. त्याचा अर्थ ‘खूप खूप प्रेम’ असा त्यांचा समज होता. तो ‘मोठ्याने हसणे’ असा आहे, हे कळल्यावर त्यांनी तसे लिहिणे थांबवले. ज्यांना ते संदेश येत, त्या रिबेका ब्रुक्स यांनीच २०१२च्या मे महिन्यात एका चौकशीपुढे ही हकीकत सांगितली. पंतप्रधानांचे हसे झाले, एवढ्यावर ते निभावले.

आपले तेवढ्यावर निभावत नाही. ‘केवायसी अपूर्ण आहे, ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी येतो. ‘ओटीपी’ म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त अंक, आपल्या तिजोरीची क्षणभराची किल्ली. ‘केवायसी’ म्हणजे बँकेने ग्राहकाची ओळख पटवून घेणे. हे ज्याला ठाऊक आहे, तो ओळख पटवण्यासाठी किल्ली देत नाही. पैसे मिळणार असतील, तर ‘पिन’ टाकावा लागत नाही, हेही तो जाणतो. ज्याला विचारण्याची लाज वाटली, त्याची महिन्याची कमाई मात्र एका मिनिटात जाते. फसवणारा आपल्या याच संकोचावर जगतो. म्हणून अशा वेळी ‘याचा पूर्ण अर्थ काय?’ असे सरळ विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत हात आवरावा.

अर्थात विचारण्याचे सारे ओझे नवख्यानेच का वाहावे? लिहिणाऱ्याचेही काही देणे लागते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला ‘टीएमए’ आणि ‘पीसीपी’ ही अक्षरे पहिल्याच महिन्यात भेटतात. त्यांतले पहिले म्हणजे शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय आणि दुसरे म्हणजे वैयक्तिक संपर्क कार्यक्रम. दिवसभर यंत्रावर उभा राहून संध्याकाळी केंद्रावर येणाऱ्या माणसासाठी फळ्यावर ‘रविवारी संपर्क वर्ग आहे’ असे लिहिले, तर किती खडू जास्त लागेल?