'धर्मादाय' एवढीच पाटी पुरेशी नाही

महाराष्ट्रातल्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेचे पावतीपुस्तक हातात घ्या. संस्थेच्या नावाखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक छापलेला असतो: ई-अमुक (पुणे), एफ-अमुक (मुंबई). संस्था न्यास म्हणून नोंदली गेली की सोसायटी म्हणून, एवढेच त्या अक्षरावरून कळते. अवयव प्रत्यारोपण करणारे पाचशे खाटांचे शहरी रुग्णालय 'ई'मध्ये असते आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी नाममात्र पैशांत तपासून औषध देणारा दवाखानाही 'ई'मध्येच असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत वैद्यकीय मदत आहे, आणि तेवढ्या एका प्रयोजनाखाली हे दोघेही बसतात.

आरोग्यसेवा देणाऱ्या धर्मादाय संस्थांचे वर्ग पाडायला हवेत, असे माझे म्हणणे आहे. संस्था 'काय करते' हा त्याचा निकष असू नये. पैसा कुठून येतो, तो कोणाच्या उपचारावर खर्च होतो आणि पैसे नसलेला माणूस दारातून आत येऊ शकतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून वर्ग ठरावा आणि तो रुग्णालयाच्या दर्शनी भागात लिहिलेला असावा. याला विरोध करणारे बरेच आहेत. त्यांची मते ऐकून घेण्यासारखी आहेत, पण ती टिकत नाहीत.

पहिले मत असे की रोग्याला बरे करणे हेच मुळात धर्मादाय काम आहे. त्याच्या खिशात काय आहे हा प्रश्न गौण. श्रीमंतालाही वेदना होतातच की! हा युक्तिवाद नवा नाही. अमेरिकेत त्याचा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्यातून काय निष्पन्न झाले तेही दिसले आहे. तिथल्या करखात्याने १९५६ मध्ये नियम केला होता की करमाफी हवी असेल, तर रुग्णालयाने आपल्या आर्थिक ताकदीप्रमाणे, पैसे न देऊ शकणाऱ्यांवर उपचार केले पाहिजेत. १९६५ मध्ये वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी योजना आल्या, आता मोफत उपचारांची गरजच उरणार नाही असे सांगितले जाऊ लागले, आणि १९६९ मध्ये तो नियम सैल झाला. आरोग्याचे काम साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, तेवढे पुरे, असे ठरले. पुढची चाळीस वर्षे कोणते रुग्णालय कोणासाठी चालते हे मोजण्याची पट्टीच राहिली नाही. अखेर करविवरणात मोफत उपचारांचा हिशेब स्वतंत्र परिशिष्टात मागावा लागला आणि २०१० च्या आरोग्य कायद्यात, गरजूंना सवलत कशी देणार याचे लेखी धोरण जाहीर करण्याची अट घालावी लागली. सगळ्यांचेच हित असे म्हटले की कोणाचे हित राहून गेले, हे विचारण्याची सोय उरत नाही.

दुसरे मत विश्वस्तांच्या तोंडी हमखास असते: आम्ही नफा वाटून घेत नाही. हे बहुतेक ठिकाणी खरेही असते आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण नफा न वाटणे ही धर्मादायाची पहिली पायरी झाली. ती चढली म्हणजे देऊळ आले असे नाही. आयकर कायद्याप्रमाणे न्यासांना उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. उद्दिष्टासाठी घेतलेली यंत्रसामग्री, बांधलेली इमारत हाही त्यात खर्चच धरला जातो. म्हणजे यंदाच्या शिलकीतून रुग्णालयाने एमआरआय यंत्र घेतले, किंवा विशेष दर्जाच्या खोल्यांचा नवा मजला चढवला, तरी तो पैसा धर्मादाय कामावर लागला असे कागदोपत्री ठरते. पुढच्या वर्षी त्या खोल्यांतून आणखी शिलक येते आणि आणखी एक मजला चढतो. यात बेकायदा काहीच नाही. पण या मजल्यांचा आणि दारात उभ्या असलेल्या शेतमजुराचा संबंध काय, हे हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. त्याच कायद्यात 'इतर लोकोपयोगी उद्दिष्टे' असलेल्या संस्थांवर व्यापारी स्वरूपाच्या कामाबाबत बंधन आहे; वैद्यकीय मदतीवर ते नाही. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निकष कडक केला. रुग्णालयांच्या वाट्याला अशी छाननी आलेली नाही.

तिसरे मत महाराष्ट्रापुरते आहे आणि सर्वांत वजनदार आहे. ते म्हणते, वर्गवारीची गरजच काय? कायदा आहे, न्यायालयाची योजना आहे, आम्ही ती पाळतो. अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, शासनाकडून जमीन, जादा चटईक्षेत्र किंवा करसवलत असे साहाय्य घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे रुग्णालयांच्या बोलीत 'आयपीएफ'मध्ये, टाकायची आणि गरिबांचा खर्च त्यातून भागवायचा. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही.

ही योजना नसती तर हजारो कुटुंबे उघड्यावर पडली असती. तिच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण तिच्यातली दोन मापे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. उदाहरणादाखल दोनशे खाटांचे शहरी रुग्णालय धरू. वर्षाचे बिल शंभर कोटी. निर्धनांसाठी वीस खाटा झाल्या आणि निधीत दोन कोटी आले. या वीस खाटा वर्षभर भरलेल्या राहिल्या तर रुग्णदिवस होतात ७,३००. दोन कोटींना ७,३०० ने भागले की दिवसाला २,७४० रुपयांच्या आसपास येतात. खाट, जेवण, परिचर्या यांचे पैसे लावायचे नाहीत हे मान्य. पण औषधे, इम्प्लांट, विशेष तपासण्या, शस्त्रक्रियेचे साहित्य या रकमेतून भागवायचे. शिवाय दुर्बल घटकांच्या आणखी वीस खाटांची सवलतही याच निधीतून जाते. अतिदक्षता विभागातल्या एका रुग्णाची प्रतिजैविके ही सरासरी सकाळच्या फेरीतच ओलांडतात.

म्हणजे खाटांचे माप पूर्ण करायला गेले तर निधी पुरत नाही; आणि निधीचे माप पूर्ण झाले तर खाटा रिकाम्या राहिल्या तरी चालतात. समाजसेवा विभागाच्या खिडकीशी एखादी बाई तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि पिवळे रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून पुढे करते. आतला वैद्यकीय समाजसेवक पुष्कळदा भला माणूस असतो, त्याला मदत करायचीही असते. पण तो म्हणतो, "या महिन्याचा आयपीएफ संपला." ज्या रुग्णालयाने निधी संपल्यावरही पदरचे घालून उपचार केले आणि ज्याने २ टक्क्यांवर रेघ मारून खिडकी बंद केली, ती दोन्ही रुग्णालये अनुपालनाच्या अहवालात सारखीच दिसतात. या दोघांना वेगळे ओळखता आले पाहिजे, म्हणून वर्गवारी हवी.

इथेच आणखी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाचा खर्च शासन देते. दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, या रुग्णालयांच्या तक्रारींत तथ्य आहे. तरी तो उपचार शासनाने विकत घेतलेला आहे; तो धर्मादायाच्या खात्यात लिहिता येणार नाही. 'आम्ही वर्षात इतक्या गरिबांवर उपचार केले' असा आकडा वार्षिक अहवालात येतो, तेव्हा त्यातले योजनेचे किती, निधीचे किती आणि संस्थेच्या पदरचे किती, हे तीन आकडे सुटे हवेत.

आता दुसऱ्या टोकाचे मत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर, अनामत रकमेपायी गर्भवतीला दाखल करून न घेतल्याचा आरोप झाला. त्या महिलेचा मृत्यू झाला होता; लोक रस्त्यावर आले. त्या संतापाचे कारण मला पूर्ण समजते. पण त्या लाटेत एक विधान फार सहज बोलले गेले: रुग्णाकडून पैसे घेते ते रुग्णालय धर्मादाय कसले? हे विधान चुकीचे आहे, आणि ते धोरण झाले तर गरिबांचेच नुकसान करील.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय पाहा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. पैसे देणारे रुग्ण तिथे पहिल्यापासून आहेत आणि त्यांच्या शुल्कावरच सारा डोलारा उभा आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांवर मात्र मोफत किंवा अगदी अल्प दरात शस्त्रक्रिया होते. डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून आणणे परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब उभारून त्यांनी ते स्वतः बनवायला घेतले. आपल्या सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय त्याहून वेगळे. तिथे भोवतालच्या गावांनी सुगीत ज्वारीच्या रूपाने आरोग्य विम्याची वर्गणी भरण्याची पद्धत रुजवली गेली. ज्याची जशी ऐपत तशी ज्वारी. ही फी म्हणायची की दान? शेतकऱ्याने आपला वाटा उचलला म्हणून रुग्णालयाचे धर्मादायपण कमी झाले नाही. उलट दवाखाना आपला आहे असे सांगायचा हक्क त्याला मिळाला. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाकडून घेतले आणि कोणावर खर्च केले, हे विचारा.

आणि खाटा मोजण्याच्या नादात एक मोठे काम आपण नजरेआड करतो, त्याचे मला सर्वांत वाईट वाटते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्याचा कणा होत्या गावोगावच्या, बहुतेक अशिक्षित, आरोग्य कार्यकर्त्या बाया. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या 'सर्च'ने गावातल्याच बाईला नवजात बाळाचा श्वास मोजायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्तींच्या कामात ही घरपोच बालसेवा आली. यातली बाळे झोपडीत, आईच्या कुशीत वाचली. खाटांच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही. आरोग्यातला धर्मादाय म्हणजे रुग्णालय, आणि रुग्णालय म्हणजे खाटा, असे धरणारी वर्गवारी महाराष्ट्राचे सर्वांत मोलाचे काम 'इतर'मध्ये टाकून देते. लेस्टर सॅलमन आणि हेल्मुट अनहायर यांनी आखलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ना-नफा संस्थांच्या वर्गवारीतही आरोग्य या गटात रुग्णालये, शुश्रूषागृहे, मानसिक आरोग्य आणि 'इतर आरोग्यसेवा' असे भाग आहेत. देशोदेशींची आकडेवारी जुळवायला ते ठीक आहे. पण काम कोणासाठी चालते, हे त्यातून कळत नाही.

मग वर्ग कोणते? देणग्या-अनुदानांवर चालणाऱ्या आणि बहुतेक रुग्णांना मोफत किंवा नाममात्र दरात बरे करणाऱ्या संस्था एका बाजूला ठेवाव्यात. ऐपतदारांच्या शुल्कातून इतरांचा मोठा भार उचलणाऱ्या त्यांच्या शेजारी. पण तो भार किती, हे टक्क्यांत सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची. खाटांविना गावपाड्यांत काम करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग असावा आणि त्यांचे मोजमाप आजार व मृत्यू किती टळले यावर व्हावे. स्वतः उपचार करण्यापेक्षा मुख्यतः रुग्णांची बिले भागवणारे न्यास, मुंबईचा सिद्धिविनायक न्यास हे ठळक नाव, यांचा आणखी एक. आणि ज्या रुग्णालयांचा जवळजवळ सारा कारभार शुल्कावर चालतो, ज्यांचे गरिबांसाठीचे काम कायद्याच्या १० टक्के खाटांशी आणि २ टक्के निधीशी थांबते, त्यांना 'शासन-साहाय्यित शुल्काधारित रुग्णालय' म्हणावे. त्यात अपमान नाही. उत्तम शस्त्रक्रिया करणारे, वाजवी बिल लावणारे रुग्णालय समाजाला हवेच आहे. फक्त आज त्याला मिळणारा मान आणि देणगीदाराचा विश्वास हे पहिल्या वर्गाने कमावलेले आहेत.

वर्ग कायमचा नसावा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये टाटांच्या न्यासाने उभारले, १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे गेले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. संस्था बदलतात. म्हणून दर काही वर्षांनी फेरतपासणी हवी. वर चढायची वाट मोकळी हवी आणि घसरणीची नोंदही व्हायला हवी.

यामुळे कागदपत्रे वाढतील, निरीक्षक दारात येतील, ही भीती लहान संस्थांना वाटते. पण विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षित हिशेब आजही दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात आणि निर्धन रुग्ण निधीचा हिशेब रुग्णालयांना ठेवावाच लागतो. माहिती आहे, ती सुटी करून लोकांपुढे ठेवलेली नाही. देणग्या आटतील, हा दुसरा धाक. ज्यांच्या देणग्या खरे आकडे कळल्यावर आटतील, त्यांच्यासाठी ते आकडे झाकून ठेवण्याचे काम समाजाने का करावे?

धर्मादाय आयुक्तांनी हे काम हाती घ्यावे आणि शासनाने त्यासाठी नियम करावेत. तोवर वाचकांना एक विनंती. आईवडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या रुग्णालयाला देणगी देणार असाल, तर धनादेश लिहिण्याआधी कार्यालयात तीन आकडे मागा: गेल्या वर्षी निर्धन रुग्णांचे एकूण रुग्णदिवस किती, निधीत जमा किती आणि खर्च किती, आणि निधी संपल्यावर संस्थेने पदरचे किती घातले. आकडे मिळाले तर खुशाल द्या. टाळाटाळ झाली तर तो धनादेश जामखेड, गडचिरोली किंवा सेवाग्रामच्या पत्त्यावर पाठवा.