एकच निसणा घ्यायचा तर…

कुणाची फजिती झाली की आपण सहज म्हणून जातो, ‘त्याची बिनपाण्यानं झाली!’ आपल्या वर्गातही हे वाक्य रोज ऐकू येते आणि सारे हसतात. मीही हसत असे. पण गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या आजोबांची दाढी केली आणि तेव्हापासून ते वाक्य ऐकले की मला हसू येत नाही. त्या दिवशी पाणी होते, साबण होता, वस्तराही होता. धार मात्र नव्हती.

आमचे घराणे न्हाव्याचे. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. केज तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आबांनी उमेदीची सारी वर्षे बलुत्यावर काढली. वर्षभर घरोघर जाऊन डोकी-दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावरून ज्वारी आणायची, असा तो हिशेब. त्यांच्या धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नराणी, चिमटा, वाटी, आरसा आणि एक निसणा असे. ज्या हत्यारांतून संत सेना महाराजांनी भक्तीची रूपके उभी केली, तीच ही हत्यारे. निसणा म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. आबांचा निसणा करड्या-हिरवट रंगाचा, तळहाताएवढा आणि साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. परळीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत त्यांनी तो घेतला होता. १९७२ च्या दुष्काळात खळीच लागली नाहीत, तेव्हा आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून विकली गेली. निसणा मात्र राहिला.

दुष्काळात टिकलेला हा दगड पुढे एका साध्या गडबडीत गेला. माझे चुलते दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. एका वर्षी ऐन निघायच्या वेळी कोयत्याला धार लावायला कानस सापडेना, म्हणून त्यांनी निसण्यावरच कोयता घासला. पुढच्या वर्षीही तेच झाले. दगडाच्या मधोमध चर पडला आणि शेवटी त्याचे दोन तुकडे झाले. चुलत्यांना मी दोष देत नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ज्यांची नोंद ‘एक कोयता’ अशी होते, त्यांना धार ही हवीच. पण एक गोष्ट तिथेच कळायला हवी होती. ‘घरात एकच दगड’ ह्याचा अर्थ ‘सगळ्या हत्यारांना एकच दगड’ असा नव्हे.

आबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते अंथरुणावर आहेत. वडील ब्लेडने त्यांची दाढी करीत; पण ‘मपल्या वस्तऱ्यानं कर’ असा आबांनी हट्ट धरला. मी बाजारात गेलो आणि हत्यारांच्या दुकानातून एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने मध्यम असा जोड दगड आणला. कात्रीलाही चालेल, विळीलाही चालेल, असा माझा व्यवहारी विचार होता. तासभर वस्तरा घासला. अंगठ्याला तो तेज लागला. पण पहिल्याच हाताला आबांच्या डोळ्यांत पाणी आले. केस कापले जात नव्हते, ओढले जात होते. तिसऱ्या हाताला रक्त निघाले. आबा अडखळत एवढेच म्हणाले, “ऱ्हाऊ दे लेका. तुपला दोष न्हाई. दगुड जाड हाय.”

ह्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझे अर्धे वर्ष गेले. आज माझे मत पक्के झाले आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखप्रपंच. वस्तऱ्यासाठी एकच दगड परवडत असेल, तर तो बारीकच घ्यावा. भरड घेऊ नये आणि ‘दोन्हीला चालेल’ म्हणून मध्यमही घेऊ नये.

ह्याचे कारण वस्तऱ्याच्या घडणीत आहे. सुरीला धार लावताना ती दगडावर किती कलती धरायची हे हाताने ठरवावे लागते. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याची पाठ जाड आणि पोट खोलगट असते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवली की कोन आपोआप ठरतो. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे आणि टोकाशी पाठीवर उलटायचे. म्हणजे हाताला राहते काय, तर हलका दाब आणि सबुरी. बाकी सारे दगडावर अवलंबून. दगड जसा, तशी धार.

दगडाची जात त्याच्या कणांवरून ठरते. ह्या दगडांना नंबर असतात. नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. जपानी मोजणीप्रमाणे १००० नंबरच्या दगडाचा कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो, तर ८००० नंबरचा दोन मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १००० नंबरच्या दगडावर धार उठते खरी, पण प्रत्येक कण पोलादावर आपला ओरखडा ठेवून जातो. त्या ओरखड्यांनी धार करवतीसारखी होते. विळीला ती चालते, किंबहुना भाजी कापायला थोडी करवतच बरी. माणसाच्या गालाला मात्र चालत नाही. माझा बाजारातला दगड तर ह्याहूनही कितीतरी भरड होता.

कुणी म्हणेल, आपल्या डोंगरात दगडांना काय तोटा? तोटा नाही हे खरे. बालाघाटाचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. बीडचे कंकालेश्वराचे मंदिर त्यातच उभे राहिले, आपल्या आज्यांची जाती आणि पाटे त्यातूनच घडले. पण जात्याला टाकी लावतात ती त्याचा खरखरीतपणा टिकावा म्हणून. वस्तऱ्याला हवे ते नेमके उलट. त्यातच ह्या पाषाणात सगळे कण सारखे नसतात आणि मधून मधून पोकळ्या असतात. म्हणूनच चौफेर दगड असलेल्या गावातही निसणा मात्र जत्रेतून विकत आणावा लागे.

ह्या बाबतीत बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा ‘कोतिकुल’ दगड फार नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. दुसऱ्या दगडाच्या तुकड्याने तो घासून पाण्यात दाट लोंदा केला की तो लवकर झिजवतो. पाणी घालून लोंदा पातळ करीत नेला की तोच दगड बारीक काम करतो. एकाच दगडावर सारे भागवणाऱ्यांना हा आदर्श वाटतो. पण तो निसर्गाचा दगड. एक तुकडा दुसऱ्यासारखा निघेलच असे नाही आणि लोंदा केव्हा पातळ करायचा हे हाताला कळायला वर्षे जातात. ज्याला पारखून घेण्याची सोय नाही, त्याने कारखान्यात घडवलेला, पाण्यावर चालणारा बारीक दगड घ्यावा हे उत्तम. त्यात बहुधा कृत्रिम कुरुंदाचे एकसारखे कण असतात. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द मूळ आपल्याच दक्षिणेकडचा. तेव्हा वस्तू परकी वाटली, तरी ती अगदीच परकी नाही!

आता खरा आक्षेप. धारेला दाते पडले, वस्तरा हातातून निसटला, तर बारीक दगड काय करणार? काहीच नाही, हे मी कबूल करतो. दिवसभर घासला तरी दाता जाणार नाही. पण आबांच्या एका निसण्यावर सारी उमेद निभावली ती कशी? त्यांनी रोज वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पाजळला, वेळच्या वेळी निसण्यावर चार हात फिरवले आणि धार मरू दिली नाही. कधी दाता पडलाच, तर ते वस्तरा शिकलगाराकडे देत. भरड काम शिकलगाराचे, बारीक काम न्हाव्याचे. आबांचा दगड एक होता, पण गाव अनेकांचे होते. जो भरड दगड घेतो, तो दुरुस्तीची तयारी करतो. जो बारीक घेतो, तो बिघडू न देण्याची. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्यावर अधिक सांगायला नको.

आणखी एक खुलासा. सलूनमध्ये पुन्हा जुने वस्तरे आणा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ साली मद्रासमध्ये आढळले. रक्तातून पसरणाऱ्या अशा रोगांचे भान पुढे जसजसे वाढत गेले, तसतसे एका गिऱ्हाइकाला एक नवे ब्लेड ही रीत रुळली, हे योग्यच झाले. वडिलांच्या सलूनमध्येही तीच रीत आहे. माझे म्हणणे घरच्या वस्तऱ्यापुरते: एक वस्तरा, एक चेहरा आणि एक दगड.

असो. वस्तऱ्याला माझ्यामुळे पडलेले बारीक दाते अंबाजोगाईच्या एका वृद्ध कारागिराने आपल्या दगडावर काढून दिले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. “आता ह्याला जाड दगड दाखवू नको,” एवढे बजावले. ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयाची पुस्तके लावून मिळालेल्या पैशांतून मी ८००० नंबरचा एक दगड मागवला. महिनाभर त्यावर हात बसवला. दगड मधून झिजून खोलगट होऊ नये म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी घालून तो सपाट करायलाही शिकलो. कारण वाकड्या दगडावर सरळ धार येत नाही.

पोळ्याच्या सकाळी आबांच्या गालाला साबण लावला. ह्या वेळी वस्तरा आवाज न करता उतरला. दाढी झाल्यावर आबांनी चालता हात वर नेला, दोन्ही गालांवरून फिरवला आणि आरसा मागितला. बराच वेळ ते त्यात पाहत होते. मग त्यांनी दगड मागितला, त्यावरून अंगठा फिरवला आणि चुलत्यांकडे पाहत मला म्हणाले, “ह्यो कोयत्यापासून जपून ठिव.”

चुलते हसले. यंदा मी त्यांना एक नवी कानस घेऊन दिली आहे.