घरी बांधलेलं विमान: हॉर्सपॉवर किती, हा अर्धाच प्रश्न

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला २०१९ मध्ये डीजीसीएची उड्डाण परवानगी मिळाली. २०२० मध्ये ते आमच्या नंदुरबारशेजारी, धुळ्यात उडालं. तेव्हापासून इथली पोरं मला विचारतात, "कारचं इंजिन बसवलं तर चालेल का?"

माझं उत्तर: आधी प्रोपेलरचा हिशेब करा. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेलं रोटॅक्स ९१२ एस १०० हॉर्सपॉवर देतं, पण मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर. त्याला १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट जोडला, तर पात्याचं टोक सेकंदाला ५१६ मीटर वेगाने फिरेल. म्हणजे आवाजापेक्षाही जोरात! मग गोंगाट वाढतो, ओढ घटते. म्हणून मध्ये २.४३ पट फेऱ्या कमी करणारा गिअरबॉक्स असतो. टोकाचा वेग २१२ मीटरवर येतो. कारच्या वेगवान इंजिनालाही असा गिअरबॉक्स लागेल, आणि वजन वाढेल.

त्यात आपला मे महिना. ४२ अंशांत हवा १५ अंशांपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते. इंजिन, प्रोपेलर, पंख, तिघंही कमी पडतात आणि धावपट्टी जास्त लागते. तेव्हा हिशेब मे महिन्यातल्या दुपारचा करा, जानेवारीतल्या सकाळचा नको.