बुधवारचे गिऱ्हाईक

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचे एक छोटे शहर आहे. काच बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीमुळे ते ओळखले जाते. कंपनीचे नावही कॉर्निंगच. १९७९ पासून या कंपनीच्या पैशावर तेथे दरवर्षी महिलांची व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरत असे. ३१ वर्षांनंतर, मे २००९ मध्ये, ती शेवटची भरली. मंदीच्या वर्षात कंपनीने हात आखडता घेतला होता. ही शेवटची स्पर्धा जिंकली तैवानच्या २० वर्षांच्या यानी त्सेंगने.

या दोन घटना एकाच आठवड्यात घडल्यामुळे त्यांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. प्रायोजक जात आहेत आणि आशियाई मुली जिंकत आहेत. अर्थात आशियाई मुली जिंकतात म्हणूनच प्रायोजक जातात, असा तो हिशेब. कीर्दीत शेजारी पडलेल्या दोन नोंदी एकाच व्यवहाराच्या असतात असे कोणताही जाणता मुनीम मानणार नाही. महिला गोल्फच्या जगात मात्र हा तर्क बराच काळ चालला.

हा व्यवहार मुळात चालतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. महिला खेळाडूंची ‘एलपीजीए’ ही संस्था १९५० मध्ये १३ खेळाडूंनी मिळून स्थापन केली. स्पर्धेचे बक्षीस, आयोजनाचा खर्च आणि पुष्कळदा दूरचित्रवाणीवरील वेळेचे मोलही प्रायोजकच भरतो. त्याला मोबदल्यात काय मिळते? स्पर्धेला त्याचे नाव मिळते, फलक लागतात. पण त्याहून महत्त्वाचा असतो स्पर्धेच्या आदला दिवस, बहुधा बुधवार. त्या दिवशी ‘प्रो-अॅम’ नावाचा सामना होतो. प्रायोजकाचे मोठे ग्राहक, वितरक, अधिकारी हे नामवंत खेळाडूंच्या बरोबरीने मैदानात उतरतात. एका तुकडीत एक खेळाडू आणि तीन-चार पाहुणे. पाच-साडेपाच तासांची सोबत. व्यापारी माणसाला या पाच तासांची किंमत सांगावी लागत नाही. पुरुषांच्या गोल्फला दूरचित्रवाणीचा पैसा भरपूर मिळतो; महिलांच्या गोल्फचा संसार बराचसा या बुधवारवर चालतो.

आशियाई खेळाडू या मैदानात एकाएकी अवतरल्या नाहीत. जपानच्या हिसाको हिगुची यांनी १९७७ मध्येच एक ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा जिंकली होती. १९८७ मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रथमच अमेरिकेबाहेर गेला, तोही जपानच्याच अयाको ओकामोतो यांच्याकडे. परंतु खरा बांध फुटला तो १९९८ च्या उन्हाळ्यात. दक्षिण कोरियाची अर्थव्यवस्था तेव्हा कोसळली होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला होता आणि देशाचे कर्ज फेडण्यासाठी घरोघरच्या लोकांनी अंगठ्या, साखळ्या, पदके आणून दिली होती. असे सुमारे २२७ टन सोने जमले. अशा वेळी २० वर्षांची पाक से री अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. निर्णायक फेरीच्या अठराव्या खड्ड्याशी तिचा चेंडू तळ्याच्या उतारावर जाऊन अडकला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उभी राहिली आणि चेंडू बाहेर काढला. तिचे पाय उन्हाने रापलेले होते आणि मोज्याखालची पावले मात्र पांढरीशुभ्र. दूरदेशी पहाटे जागणाऱ्या कोरियन घरांनी ती पावले पाहिली. बरोबरी टिकली, सामना आणखी दोन खड्डे लांबला आणि ती जिंकली. तिच्या पाठीशी सॅमसंगचा पैसा होता, हेही येथे नोंदवायला हवे. तो विजय पाहून ज्या मुलींनी गोल्फची काठी हाती घेतली, त्या पिढीला कोरियात ‘से रीची मुले’ म्हणतात.

दहा वर्षांत ही मुले अमेरिकेत पोहोचली. २००८ मध्ये एलपीजीएत २६ देशांतील १२१ परदेशी खेळाडू होत्या. त्यांपैकी ४५ दक्षिण कोरियाच्या. अनेकींना इंग्रजी जेमतेम येत असे. बुधवारच्या पाहुण्याशी पाच तास काय बोलणार? अडचण खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर तत्कालीन आयुक्त कॅरोलिन बिव्हेन्स यांनी काढलेला उपाय विचित्र होता. दोन वर्षे सदस्य असलेल्या प्रत्येक खेळाडूने २००९ च्या अखेरपासून इंग्रजी संभाषणाची परीक्षा द्यावी, अन्यथा निलंबन. ऑगस्टमध्ये हा नियम जाहीर होताच गदारोळ उठला. मौज अशी की ज्या प्रायोजकांच्या नावाने तो केला गेला, त्यांच्यापैकीच ‘स्टेट फार्म’ या विमा कंपनीने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. तिचे विमेदार सर्व वंशांचे होते. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात निलंबनाची तरतूद मागे घेण्यात आली.

दरम्यान मंदीने आपले काम चालू ठेवले होते. गृहबांधणीच्या धंद्यातील जिन कंपनी आपल्या स्पर्धा सोडून गेली, मॅकडोनाल्ड्सने २००९ नंतर मेजर स्पर्धेवरचा हात काढला. जुन्या प्रायोजकांशी वाढीव मोबदल्यावरून झालेली ताणाताणीही भोवली. अखेर खेळाडूंनीच पत्र लिहून नेतृत्वबदल मागितला आणि जुलै २००९ मध्ये बिव्हेन्स पायउतार झाल्या. २००८ मध्ये ३४ स्पर्धा होत्या. २०११ मध्ये २३ उरल्या.

२०१० च्या आरंभी आलेले नवे आयुक्त माइक व्हॅन हे क्रीडासाहित्याच्या विक्रीतून आलेले गृहस्थ. त्यांनी परीक्षा घेतली नाही. प्रत्येक स्पर्धेपूर्वी खेळाडूंच्या हाती एक माहितीपत्रक देण्याची प्रथा त्यांनी पाडली. या आठवड्याचा प्रायोजक कोण, त्याचा व्यवसाय काय, त्याने पैसा कशासाठी गुंतवला आहे, आभार कोणाचे मानायचे, एवढेच त्यात असे. गिऱ्हाईक कोण हे कळले की तोडक्यामोडक्या भाषेतही व्यवहार होतो. (पेढीवर नव्या नोकराला प्रथम हेच शिकवतात, व्याकरण नंतर.) मॅकडोनाल्ड्सने सोडलेली स्पर्धा २०१० मध्ये वेगमन्स या एका कुटुंबाच्या मालकीच्या किराणा दुकानांच्या साखळीने उचलली. दोन वर्षांनी तीच स्पर्धा जिंकून फेंग शानशान ही चीनची पहिली मेजर विजेती ठरली, आणि त्यामुळे दुकानाचे काही बिघडले नाही.

आशियाई मुलींमुळे पैसा जातो, हा हिशेब किती उलटा होता हे पुढच्या जमाखर्चात दिसते. कोरियातील प्रसारणहक्क हे संस्थेच्या उत्पन्नाचे मोठे अंग बनले. होंडाने थायलंडमध्ये, एचएसबीसी बँकेने सिंगापूरमध्ये, हाना बँकेने कोरियात स्पर्धा भरवल्या. कॅलिफोर्नियातील एका जुन्या मेजर स्पर्धेवरून क्राफ्ट कंपनी निघून गेली, तेव्हा २०१५ मध्ये ती जागा जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजने घेतली. २०१९ पर्यंत स्पर्धा पुन्हा ३३ झाल्या आणि एकूण बक्षिसे सात कोटी डॉलरवर गेली.

मात्र आशियाई पैसा आशियाई मुलींवर आपोआप बरसला, असेही नाही. इनबी पार्क हिने १९ व्या वर्षी, २००८ मध्ये, पाकचीच ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढे काही वर्षे ती चाचपडत राहिली. २०१२ मध्ये सुमारे २२ लाख ८७ हजार डॉलर मिळवून ती कमाईच्या यादीत पहिली आली, तरी तिला मुख्य प्रायोजक नव्हता. कोरियन कंपन्यांचा पैसा स्वदेशातील स्पर्धांकडे वळला होता, कारण त्यांचे ग्राहक तेथे होते. शिवाय जाहिरातीच्या बाजारात खेळापेक्षा चेहरा पाहिला जातो, याची तेव्हा उघड चर्चा झाली. जगात सर्वाधिक कमावणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभे राहायला तिच्याच देशातील कोणी तयार नसावे, ही गोष्ट साधी नाही. २०१३ मध्ये केबी या वित्तसमूहाने तिला करारबद्ध केले. त्या वर्षी तिने लागोपाठ तीन मेजर जिंकल्या आणि २०१६ मध्ये रिओ येथे ऑलिम्पिक सुवर्णपदक. संघाची प्रशिक्षक होती पाक से री.

आता पारडे जपानकडे झुकले आहे. २०२४ मध्ये फ्रान्सची एव्हियन स्पर्धा आयाका फुरुएने जिंकली. २०२५ मध्ये माओ साइगो आणि मियू यामाशिता यांनी एकेक मेजर. कोरियाच्या विजयांची संख्या २०१९ मध्ये १५ होती, ती २०२४ मध्ये तीनवर आली.

भारताची अदिती अशोक २०१७ पासून या अमेरिकी मालिकेत खेळते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, आई कॅडी म्हणून सोबतीला असताना, तिचे पदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. ज्यांनी कधी गोल्फ पाहिला नव्हता अशी भारतीय घरे त्या शनिवारी पहाटे उठून बसली होती. एलपीजीएची आशियाई फेरी आज थायलंड, सिंगापूर, चीन, कोरिया, मलेशिया आणि जपान अशी फिरते. गुरुग्रामला हीरो कंपनीच्या नावाने होणारी महिला स्पर्धा युरोपच्या मालिकेतील आहे. अमेरिकी मालिकेच्या वेळापत्रकात भारताचा आठवडा नाही, आणि त्यामुळे अदितीला आपल्या देशातील कोणा पाहुण्याबरोबर बुधवारही नाही.