डोंगरावरची वसाहत आणि पायथ्याचे पाणी

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरहून म्हैसमाळकडे जाणारी वाट वाहनांनी गजबजून जाते. सुमारे साडेतीन हजार फूट उंचीचे हे पठार 'मराठवाड्याचे महाबळेश्वर' म्हणून ओळखले जाते. म्हैसमाळ, वेरूळ, खुलताबाद आणि शूलिभंजन यांच्या एकत्रित विकासाच्या योजनाही शासनदरबारी आखल्या गेल्या आहेत. अशा स्थितीत येथे बंगले, हॉटेले व तलाव यांनी नटलेली एक आखीव विश्रामनगरी वसावी, असे कोणास वाटले तर नवल नाही. परंतु आखणी म्हणजे विवेक नव्हे, हा धडा महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून घेतलेला आहे.

खासगी गिरिस्थानांसाठी शासनाने १९९६ मध्ये खास नियम केले. त्या धोरणाच्या छायेत पुणे जिल्ह्यातील मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी, लवासा उभे राहिले. तेथे आखणीची वाण नव्हती. उणीव होती ती अंकुशाची. २००८ मध्ये कंपनीकडेच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार आले. बांधणारा आणि परवानगी देणारा एकच झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थोपविले. वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली. पण विस्कटलेली घडी पुन्हा बसली नाही. २०१७ मध्ये ते अधिकार काढून घेण्यात आले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. घरासाठी पैसे भरणारे ताटकळले आणि कापलेले डोंगर तसेच राहिले.

याचा अर्थ डोंगरावर कोणी वस्तीच करू नये, असा नव्हे. बेबंद बांधकाम तर याहून घातक. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला, तो उगाच नव्हे. नियोजन हवेच, मात्र त्याचा आरंभ नकाशापासून नव्हे, पाण्यापासून झाला पाहिजे.

मोसे खोऱ्यात सह्याद्रीचा धो धो पाऊस तरी होता. म्हैसमाळला तो आधार नाही. काळ्या कातळावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे हे पठार उन्हाळ्यात कोरडे पडते. तरीही याच डोंगरांतून गिरिजा नदी निघते, आणि येळगंगेचे पाणी वेरूळच्या लेण्यांवरून धबधब्याच्या रूपाने कोसळते. माथ्यावर अडविलेला प्रत्येक थेंब पायथ्याच्या विहिरींच्या वाट्यातून वजा होणार, आणि माथ्यावरचे सांडपाणी त्याच ओढ्यांनी खाली उतरणार. पाहुण्यांच्या तलावासाठी शेतकऱ्याची विहीर आटावी, याला विकास म्हणता येणार नाही.

म्हणून पठारावर किती माणसे राहू शकतील, हे प्रथम तेथील उन्हाळ्यातील पाण्यावरून ठरावे आणि तो आकडा सर्वांवर बंधनकारक असावा. मुक्कामाची सोय शक्यतो खुलताबाद-वेरूळच्या वस्त्यांतच व्हावी, म्हणजे चार पैसे स्थानिकांच्या हाती पडतील. जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घ्यावी. परवानगीचा अधिकार बांधणाऱ्याच्या हाती कदापि जाऊ नये आणि ग्रामसभेची संमती ही केवळ उपचार ठरू नये.

थंड हवा उपभोगण्याचा हक्क शहरवासीयांना अवश्य आहे; पण पायथ्याच्या गावाच्या तहानेचा हक्क त्याहून जुना आहे.